गाडीवरची कोळ्याची जाळी

आमच्या रिसोडला दोन गोष्टींची टंचाई कधीच पडत नाही. एक लग्नाच्या पत्रिका आणि दुसरी धूळ. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला किलोकिलोनं चिकटतो. तोच चिखल पुढं वाळतो, बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि एसट्यांच्या चाकांखाली दळला जातो आणि होळीपर्यंत पिठासारखा बारीक होतो. सोयाबीनची मळणी सुरू झाली की त्यात भुसा मिसळतो. मग हे सगळं मिळून खिडकीच्या गजांवर, फळ्याच्या कडेवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि अर्थातच दारात उभ्या असलेल्या गाड्यांवर येऊन बसतं.

सकाळी काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. गाडीचा मालक एक जुनं फडकं घेतो (बहुतेक ते फाटलेल्या बनियनचं असतं) आणि सपासप गाडी पुसायला लागतो. पाणी नाही, काही नाही. दोन मिनिटांत गाडी चकाचक! मालक खूश. पण दुपारी त्याच गाडीच्या टपाकडे तिरप्या नजरेनं बघा. सूर्याचं जिथं प्रतिबिंब पडलंय त्याच्याभोवती बारीक बारीक गोल रेघांचं जाळं दिसेल. अगदी कोळ्यानं विणल्यासारखं! ते कोळ्यानं विणलेलं नसतं. ते त्या बनियननं विणलेलं असतं.

मित्रांनो, यासाठी गाडी हवीच असं नाही. घरातलं रोज घासलं जाणारं स्टीलचं ताट घ्या आणि उन्हात धरा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती गोल गोल रेघा चमकतील. आता ताट हळूच उजवीकडे सरकवा. गंमत म्हणजे रेघांचा गोलही ठिपक्याबरोबर सरकतो! खरोखर कुणी गोल रेघा ओढल्या असत्या तर त्या ताटाबरोबर सरकल्या असत्या, ठिपक्यामागे धावल्या नसत्या. मग हे काय गौडबंगाल?

ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना असतात. उभे, आडवे, तिरपे, हजारोंनी. ओरखडा म्हणजे एक बारीकशी नाली. या नालीच्या भिंतीवर पडलेला प्रकाश नालीच्या आडव्या दिशेनं फाकतो, लांबीच्या दिशेनं नाही. त्यामुळे प्रकाशाच्या ठिपक्याभोवती जे ओरखडे वर्तुळाच्या कडेसारखे आडवे पडलेले असतात, तेवढ्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. बाकीचे असतात तिथंच, पण दिसत नाहीत. ज्यांची हजेरी लागली तेवढे मिळून गोल तयार होतो. संध्याकाळी एसटीनं वाशीमहून परत येताना खिडकीची ओरखडलेली काच मावळतीकडे आली की असाच गोल दिसतो. माझा तर तो प्रवासातला आवडता उद्योग आहे. डोकं हलवायचं आणि गोल हलवायचा. शेजारचा प्रवासी आपल्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो, तेवढं सोसायचं.

आणि पांढऱ्या गाडीवर हे जाळं कमी का दिसतं? पांढऱ्या भिंतीवर खडूनं लिहून बघा. पांढरा रंग आधीच सगळीकडून भरपूर प्रकाश परत पाठवत असतो, त्या गर्दीत ओरखड्याची बारीकशी चमक हरवून जाते. काळी, निळी किंवा जांभळट लाल गाडी म्हणजे पाटी. तिच्यावर एवढीशी रेघही उठून दिसते.

माझी गाडी नेमकी जांभळट लाल. जुनी घेतलेली. पाटीवर एमएच ३०, म्हणजे अकोल्याची. आपल्या वाशीमचा आकडा ३७. पहिल्या मालकानं ती किती वर्षं कोरड्या फडक्यानं पुसली असेल देव जाणे. दुपारच्या उन्हात टपाकडे बघितलं की वाटायचं, इथं कोळ्यांचं संमेलन भरलं होतं! पण मी तिकडे फारसं लक्ष देत नव्हतो. रिसोडहून शाळेच्या गावापर्यंत ती मला वेळेवर पोचवायची, आणखी काय पाहिजे? लक्ष द्यायची वेळ दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आली.

ते सांगण्याआधी गाडीच्या रंगाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गाडीला रंग एकच दिलेला दिसतो, पण ते असतात थर. सगळ्यात खाली पत्रा. त्यावर गंज न लागू देणारा अस्तराचा थर, म्हणजे प्रायमर. त्यावर खरा रंग. आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर, त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक असते ती या वरच्या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. आपला डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीचं सगळं तेज एका केसापेक्षाही पातळ थरात! पूर्वीच्या फियाट, अँबेसेडर गाड्यांना बहुधा हा वरचा थर नसायचा. त्या घासल्या की फडक्यालाच रंग लागायचा.

जाळं पडतं ते या वरच्या थरात. ते काढायचं म्हणजे काय करायचं? ओरखडा काही उचलून फेकता येत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. जमीन खाली आली की खड्डा आपोआप नाहीसा. वहीवरचं अक्षर खोडरबरानं जोरजोरात खोडतो तेव्हा कागदाचा वरचा पापुद्राही असाच थोडा थोडा निघत असतो. जास्त खोडलं तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. भोक! गाडीचंही तसंच. म्हणून दर रविवारी पॉलिश करणारे लोक गाडीवर प्रेम करतात असं मला वाटत नाही.

तर मार्च महिना, सकाळची शाळा. साडेअकराला सुट्टी झाली, मी गाडीजवळ आलो तर डाव्या बाजूच्या मागच्या दारावर तीन अक्षरं! काना नाही, मात्रा नाही, साधं सरळ तीन अक्षरी नाव. पहिलं अक्षर नाजूक, दुसरं जरा ठसठशीत आणि तिसरं असं दाबून काढलेलं की रंगाखालचं राखाडी प्रायमर दिसत होतं. तिसऱ्याच्या शेपटाला तर तांदळाएवढा पत्राही चमकत होता.

चोर शोधावा लागला नाही. चोरानं स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं!

त्याचं नाव मी इथं सांगणार नाही. तो आता तिसरीत आहे आणि हा अंक वाचणार आहे. तेव्हा तो पहिलीत होता. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत त्याला नावातलं तिसरं अक्षर काही केल्या जमत नव्हतं. पाटीवर, वाळूत, हवेत, मित्राच्या पाठीवर, सगळीकडे गिरवून झालं. आणि अचानक एके दिवशी जमलं. मग काय, दिसेल तिथं नाव! फळ्यावर, पायरीवर, पाण्याच्या टाकीवर. त्या दिवशी गाडीवर. लिहिलं होतं गारगोटीनं. गारगोटी चाकापाशीच पडलेली होती.

ही गारगोटी मोठी जबर चीज आहे. फ्रेडरिक मोस नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञानं १८१२ साली दहा खनिजांची एक शिडी तयार केली. कोण कुणाला ओरखडू शकतं, एवढाच तिचा नियम. पहिल्या पायरीवर शंखजिरं, ज्याची पावडर आपण तोंडाला लावतो. दहाव्या पायरीवर हिरा. आपलं नख अडीचच्या आसपास. साधी काच साडेपाच. गारगोटी सातवी! म्हणजे ती काचेलाही ओरखडते. आपल्या भागातला काळा दगड म्हणजे बसाल्ट. जवळच्या लोणारचं सरोवर उल्का आदळून याच दगडात तयार झालं. बसाल्टमधली खनिजंही पाच-सहाच्या पायरीवरची. आता आपली धूळ कशाची झालेली असते? या दगडाची आणि गारगोटीचीच. आणि गाडीचा क्लिअर कोट एका जातीचं प्लॅस्टिक, धुळीच्या मानानं मऊच. कोरडं फडकं फिरवणं म्हणजे हजारो बारीक गारगोट्या गाडीवर घासणं. मुलानं एका गारगोटीनं तीन अक्षरं काढली. पहिल्या मालकानं हजारो गारगोट्यांनी टप भरला होता, आणि त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावर दोन मतं पडली. एक सहकारी म्हणाले, ‘‘पैसे वसूल करा सर. आज नाव लिहिलं, उद्या सत्तावीसचा पाढा लिहितील.’’ दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, ‘‘लेकरू आहे, सोडून द्या.’’ मला दोन्ही पटेना. सोडून दिलं तर पत्रा उघडा. जूनमध्ये पाऊस आला की तांदळाएवढ्या ठिपक्यापासून गंज सुरू होतो आणि रंगाच्या आतून पसरत जातो. त्याहून मोठी काळजी दुसरी होती. आठ महिन्यांनी लिहू लागलेला हात थांबला तर?

चौथ्या दिवशी त्याची आई आली. एकटीच. हळदीच्या कामाला जायची, हातापायांवर, लुगड्याच्या काठावर पिवळं पिवळं. पदराची गाठ सोडत म्हणाली, ‘‘सर, किती भरा लागते याचे? माह्याजवळ आज पाचशेच हायेत. बाकीचे मजुरी भेटली की देतो.’’

मी म्हटलं, ‘‘वहिनी, आधी पैसे ठेवा. पोरगं कुठं आहे?’’

‘‘घरी. दप्तर उतरंडीमागं लपवलं त्यानं. पाटीला हात लावत नाही. म्हणते, सरच्या गाडीचे पैसे फिटले की जातो.’’

पैसे किती, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? संध्याकाळी मी रिसोडमधल्या एका पेंटरचाचांकडे गेलो. चाचांनी दारावर पाण्याचा हात फिरवला, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, ‘‘सर, एक दार मारायचे साडेतीन हजार. पण नवा रंग जुन्याशी जुळत नाही, म्हणून बाजूचं दारही थोडं मारा लागते. पाच धरा.’’ पाच हजार! मग माझ्या तोंडाकडे बघून हसले. ‘‘नाहीतर असं करा, तुम्हीच करा. वेळ आहे ना तुमच्याजवळ? घाई नसली तर पैसा कमी लागते.’’

हे चाचांचं वाक्य खरोखर लाखाचं. गाडीच्या रंगकामात आपण जे पैसे मोजतो त्यातले बरेचसे घाईचे असतात.

चाचांनी मला पहिल्यांदा नख चालवायला शिकवलं. ओरखड्यावरून आडवं, अगदी हलक्या हातानं नख फिरवायचं. अडकलं नाही तर ओरखडा वरच्या थरातच आहे, पॉलिशनं जाईल. अडकलं तर खोल आहे, तो भरावा लागणार. माझ्या दारावरचं पहिलं अक्षर नखाला लागत नव्हतं. दुसरं जेमतेम लागत होतं. तिसऱ्यात नख सरळ रुतत होतं. म्हणजे एकाच नावात तीन धडे!

त्याच संध्याकाळी मी मुलाच्या घरी गेलो. तो दाराआड. मी म्हटलं, ‘‘मला गाडी दुरुस्त करायची आहे. पाणी ओतायला माणूस पाहिजे. उद्यापासून येतोस?’’ बराच वेळ काही आवाज नाही. मग दाराआडून प्रश्न आला, ‘‘बादली तुमची का माही?’’

सुट्टीनंतर अर्धा-पाऊण तास, वडाच्या सावलीत आमचं काम सुरू झालं. सावली महत्त्वाची, कारण तापलेल्या पत्र्यावर सगळंच भराभर वाळतं आणि डाग पडतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये पत्र्यावर पापड भाजता येईल. तो मुलगा, तिसरीतल्या दोन मुली आणि चौथीतला एक जण, असे चार मदतनीस. बाकीचे प्रेक्षक.

पहिला दिवस नुसता धुण्याचा. आधी साधं पाणी वरून खाली सोडायचं, म्हणजे सुटी धूळ वाहून जाते. मग दोन बादल्या. एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं साबणाच्या पाण्यात बुडवायचं, दाराला फिरवायचं आणि पुन्हा साबणात घालण्याआधी साध्या पाण्यात खंगाळायचं. असं केलं की माती दुसऱ्या बादलीत राहते, पुन्हा गाडीवर येत नाही. चौथीतल्या मुलानं शेवटी दुसऱ्या बादलीचं पाणी हळूच ओतून तळाचा गाळ वर्गाला दाखवला. चांगला मूठभर होता! फडकं मायक्रोफायबरचं घ्यावं. त्याचे तंतू केसाहून कितीतरी बारीक असतात, धूळ त्यांच्यात शिरून बसते आणि रंगावर घासली जात नाही. आणि बोअरचं पाणी गाडीवर तसंच वाळू देऊ नये. आपल्याकडचं पाणी जड, क्षारांचे पांढरे ठिपके उरतात.

मग खोल अक्षर. गाडीवर एका चिकटपट्टीवर किंवा पत्रीवर रंगाचा क्रमांक लिहिलेला असतो. कुणाच्या दाराच्या चौकटीत, कुणाच्या बॉनेटखाली. तो सांगितला की दुकानात त्याच रंगाची छोटी बाटली मिळते. ओरखडा स्पिरिटनं पुसला. पत्रा उघडा पडला होता तिथं आधी प्रायमरचा ठिपका दिला. प्रायमर चाचांनी बाटलीच्या झाकणात घालून फुकट दिलं होतं. मग रंग. बाटलीतला ब्रश फार जाड असतो, म्हणून चित्रकलेच्या पेटीतला शून्य नंबरचा ब्रश. रंग ओरखड्यावर फासायचा नाही, ओरखड्यात सोडायचा. एका दिवशी एकच पातळ थर. असे तीन दिवस तीन थर, आणि त्यावर एक थर पारदर्शक. घाई करून एकदम जाड थेंब सोडला तर वरून वाळतो आणि आत ओला राहतो.

यानंतर आठ दिवस काहीच नाही. नुसतं थांबायचं. मुलांसाठी हे सगळ्यात अवघड काम! रोज पोरं जाऊन बघायची. ‘‘सर, वाळला!’’ ‘‘नाही वाळला.’’ ‘‘सर, आज तरी?’’ आमचा पहिलीतला गडी मात्र काही न बोलता बघायचा. या आठ दिवसांत त्याचं लिहिणं मात्र सुरू झालं नव्हतं. पाटी समोर, पेन्सिल हातात, आणि हात मांडीवर.

रंग वाळला तेव्हा अक्षराच्या जागी बारीकसा उंचवटा झाला होता. होणारच, भरलेलं थोडं वर राहतं. तो सपाट करायला वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर. याच्या पाठीवर आकडा असतो. आकडा मोठा तितका पेपर बारीक. घरच्या दारांना सुतार ८० चा, १२० चा वापरतात. गाडीला २००० चा. मी मुद्दाम पहिलीतल्या मुलाला म्हटलं, वाच बरं. त्यानं बोट ठेवून वाचलं, ‘‘दोन, शून्य, शून्य, शून्य.’’ अर्ध्या तासानं कुणी न सांगता त्यानं ओल्या बोटानं शहाबादी फरशीवर तो आकडा काढला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

पेपर खोडरबराला गुंडाळला, कारण बोटांनी घासलं तर बोटांच्या खाचा उमटतात. पाणी सोडायचं, दहा-बारा हात हलकेच फिरवायचे, पुसून बघायचं. उंचवटा गेला की हात लगेच थांबला पाहिजे. पेपर फिरवलेली जागा धुरकट दिसायला लागली तेव्हा मुलं घाबरली. ‘‘सर, बिघडलं!’’ बिघडलं नव्हतं. मोठ्या ओरखड्याच्या जागी आपण असंख्य बारीक ओरखडे पाडले होते. आता तेही आणखी बारीक करायचे.

याला कंपाउंड लागतं. टूथपेस्टसारखी पांढरट पेस्ट. अशा बऱ्याच पेस्टींमध्ये जी बारीक पूड असते तिचं रासायनिक नाव ॲल्युमिनियम ऑक्साइड, पण आपल्याकडे हा पदार्थ खूप जुना, त्याचं नाव कुरुंद. विळ्या-सुऱ्यांना धार लावायच्या चाकाचा तोच कुरुंद. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द तमिळमधल्या ‘कुरुंदम’वरून गेलेला आहे. मोसच्या शिडीवर हा नववा, हिऱ्याच्या खालोखाल! माणिक आणि नीलम ही याचीच रंगीत भावंडं. म्हणजे सातव्या पायरीच्या गारगोटीनं केलेला ओरखडा नवव्या पायरीच्या कुरुंदानं काढायचा. फरक एवढाच की इथले कण इतके बारीक की त्यांचे ओरखडे डोळ्यांना दिसतच नाहीत. काट्यानं काटा काढतात, तसं.

हरभऱ्याएवढं कंपाउंड ओल्या स्पंजवर, दोन वितींचा चौकोन, आधी उभे हात मग आडवे. घामाघूम! मशीननं पाच मिनिटांत होतं त्याला आम्हाला दोन दिवस लागले. पण पुसून बघितलं आणि दार आरशासारखं! तिसरीतल्या मुलीनं तिथंच वेणी बघून घेतली. आता पंचाईत अशी झाली की बाकीची गाडी त्या दारापुढे मळकट दिसायला लागली. मग काय, रोज थोडा थोडा करत टपही घासला. कोळ्यांचं संमेलन बरखास्त! शेवटी मेणाचं पॉलिश. मेण ओरखडा काढत नाही, त्याचं काम पांघरुणाचं.

हे चाललेलं असताना मुलाची आई एकदा येऊन उभी राहिली. मी घासताना निघणारा पांढरा थर तिनं बोटावर घेऊन बघितला. म्हणाली, ‘‘म्हणजे हळदीसारखंच की.’’ तुम्ही हळदीचं पॉलिश पाहिलंय का? शेतातून निघालेली हळद उकळतात, वाळवतात, तेव्हा ती काळपट, खडबडीत, मुळ्या-खवले असलेली दिसते. मग ती जाळीच्या पिंपात घालून पिंप गरागरा फिरवतात. हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासतात, खडबडीत साल भुगा होऊन खाली पडते आणि आतून पिवळंधमक हळकुंड निघतं. त्याला बाजारात भाव जास्त. पण वजन घटतं. ती म्हणाली, ‘‘लय फिरवलं तर मालक ओरडते. चमक येते, पण माल कमी भरते.’’ क्लिअर कोटविषयी मी मुलांना चार दिवस जे समजावत होतो ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं.

खर्चाचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला, चौथीला तेवढंच गणित. रंगाच्या बाटल्या २८०, पेपर ५०, कंपाउंड १६०, मेण २२०, फडकी आणि स्पंज १००, चिकटपट्टी ३०. बेरीज ८४० रुपये. पाच हजारांतून वजा करा, असं मी म्हणालो आणि वर्गातून ‘४१६०’ असा ओरडा आला. आईचे पाचशे मी घेतले नाहीत. तिनं दोन किलो हळद पाठवली, ती घेतली. तीही नाकारली असती तर तिला फार जड गेलं असतं.

लिहिण्याचं काय झालं? आमच्या वर्गात भिंतीचा खालचा हातभर पट्टा काळा रंगवलेला आहे, मुलांना बसल्या बसल्या लिहायला. कंपाउंड संपलं त्या दिवशी मी मुलाला म्हटलं, ‘‘गाडीवरचं तुझं नाव मी खोडलं. आता इथं लिही, नाहीतर माझ्याकडे तुझं नावच राहणार नाही.’’ त्यानं खडू घेतला. पहिली दोन अक्षरं छोटी. तिसरं भिंतीच्या पट्ट्यातून बाहेर जाईल एवढं मोठं!

आता तुम्हाला एक परीक्षा सांगतो, घरी आई-बाबांनाही सांगा. बाजारात ‘ओरखडे गायब’ म्हणून बरंच काही मिळतं. काही जण खोबरेल तेल चोळतात, काही रॉकेल. ओरखडे खरंच दिसेनासे होतात! पण ते गेलेले नसतात, तेलानं नाली भरलेली असते. चुकलेल्या अक्षरावर व्हाइटनर लावावं तसं. ओळखायचं कसं? साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवा आणि पुन्हा उन्हात बघा. लपलेले ओरखडे परत हजर होतात. टूथपेस्टमध्येही बारीक पूड असते, त्यामुळे अगदी केसासारखी रेघ तिनं थोडी पुसट होते. पण दात आणि गाडी यांत टूथपेस्ट कुणासाठी आहे हे लक्षात ठेवलेलं बरं. भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी गाडीच्या आसपासही नको. पक्ष्यांची विष्ठा दिसली की लगेच भिजवून उचलायची, तिच्यातलं आम्ल उन्हात रंग खातं. आणि धुळीनं भरलेल्या मागच्या काचेवर बोटानं ‘मला धुवा’ असं लिहिणाऱ्यांनी गारगोटीची शिडी आठवावी. काच एक वेळ टिकेल, शेजारचा रंग टिकणार नाही.

आणि हो, हे सगळं बाबांच्या गाडीवर बाबांना विचारल्याशिवाय करू नका. रंगाच्या, स्पिरिटच्या बाटल्या मोठ्यांच्याच हातात. आधी जुन्या सायकलच्या मडगार्डवर हात बसवा.

दार पूर्ण पूर्वीसारखं झालं का? नाही. उन्हानं जुन्या रंगाची छटा थोडी बदललेली असते, बाटलीतला नवा. समोरून काही कळत नाही. पण संध्याकाळी, ऊन अगदी तिरपं आलं की तिसऱ्या अक्षराचं शेपूट पुसटसं दिसतं. माहीत असलेल्यालाच दिसतं म्हणा.

परवा तिसरीचा वर्ग सुटल्यावर तो गाडीपाशी उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, ‘‘सर, खालची रेघ अजून दिसते. कंपाउंड उरलं हाये ना डबीत? काढायची का?’’

मी म्हटलं, ‘‘आधी सांग, वरचा थर किती उरला असेल?’’

तो डोळे बारीक करून दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘अर्धा केस.’’